आधी ड्रम, मग आवाज

ठोक्या हे नाव त्याला ताईनेच ठेवलं. लहानपणी ताट, दार, कपाट, हाताला लागेल ते तो बडवायचा. पुढे झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करायला लागला, लग्न झालं, केस पांढरे झाले, तरी बोटं काही गप्प बसली नाहीत. ताई शाळेची व्हॅन चालवायची. खणखणीत, थोडा खरखरीत आवाज. रॉक गावं तर तिनेच. तरुणपणी भावाबहिणीचा बँड होता, पण त्यातलं एकही गाणं कधी रेकॉर्ड झालं नाही.

मग ताईच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती ठोक्याकडे आली आणि दारातूनच म्हणाली, "एक गाणं तरी मागे राहू दे रे माझं. महिनाभर आहे हातात."

"घरीच करू," ठोक्या म्हणाला. "आधी ड्रम, मग गिटार, आवाज सगळ्यात शेवटी." बँडवाल्यांची रीतच तशी. ड्रम पक्के बसले की बाकीचे त्यावर स्वार होतात.

इथेच घोडं अडलं. माळ्यावरचे खरे ड्रम त्याने खाली काढले, दोन ठोके दिले, तर खालच्या मजल्यावरच्या काकू धापा टाकत वर. "अहो, माझ्या डोक्यावर कुस्त्या लावल्यात का?" ड्रम परत माळ्यावर गेले. मग जाळीचे इलेक्ट्रॉनिक ड्रम आणले. ते बिचारे मुके, आवाज फक्त हेडफोनमध्ये. पण पायाने वाजवायच्या ड्रमचा दणका जमिनीतून काकूंकडे पोचलाच. प्लायवूडखाली टेनिसचे चेंडू लावून त्याने चौथरा केला. काकू शांत झाल्या, तर याला झांज आवडेना. सेट बदलून आणला. मग स्नेअर, म्हणजे मधला कडकडीत वाजणारा ड्रम, पोकळ वाटायला लागला.

"तुम्ही ड्रम निवडताय की सून?" बायको वैतागली. "ताईंचा आवाज आधी घ्या ना."

"पाया घालायच्या आधी छप्पर घालतात का?"

ताईने तर हातच टेकले. "बादली वाजव रे, मला चालेल." तिचा आवाज आता वाक्याच्या शेवटी फाटत होता. ठोक्याला ते ऐकू येत होतं. ड्रमची सुताएवढी चूक पकडणाऱ्या कानांना ते कसं ऐकू येणार नाही? पण तो भ्याला होता. गाणं पुरं झालं की ताईने दवाखान्यात जायचं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. म्हणून ड्रम पसंतच पडत नव्हते. हे त्याला कळत होतं, आणि तरी तो स्नेअर बदलत बसला. असल्या माणसाला काय म्हणावं?

शेवटी एक सेट जमला. झांज गोड, स्नेअर कडक. त्याच सकाळी दवाखान्यातून ताईला फोन गेला: गाठ वाढली आहे, आजच दाखल व्हा. ठोक्या मोबाइल घेऊन धावत वॉर्डात गेला. "ताई, नुसतं गाऊन टाक, मी नंतर वाजवीन." तिने तोंड उघडलं. नुसती हवा आली. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि मान हलवली.

ऑपरेशनचे टाके निघाल्यावर ताई ठोक्याच्या घरी आली. ठोक्याने तोवर ड्रम रेकॉर्ड करून ठेवले होते. दुसरं करण्यासारखं त्याच्याकडे होतंच काय? तिने हेडफोन लावला, डोळे मिटले. ताल तिला आवडला, मान डोलायला लागली. गाण्याचे शब्द सुरू व्हायची जागा आली तशी तिने छाती भरून श्वास घेतला आणि तिचे ओठ हलायला लागले, एकेक शब्द, अगदी बरोबर ठोक्यावर. एकही चुकला नाही.

गाणं संपलं. ताईने डोळे उघडले आणि बोट गोल फिरवून खूण केली, पुन्हा लाव. ठोक्याने पुन्हा लावलं.