दोन पेरं पाणी

"हा भात हाये का खळ? भित्तीले कागद चिपकवाचे हायेत का मले?" बाबा ओरडले आणि ताट असं लोटलं की रस्सा थेट माझ्या गुडघ्यावर. ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरच्या भिंती तशाही पापडासारख्या. पॉवर हाऊसच्या चिमणीवरच्या कावळ्यालासुद्धा ते ऐकू गेलं असणार.

आईची तेरवी आटोपून मी बाबांना सिंदेवाहीकडच्या गावाहून इकडे आणलं होतं. जन्मभर तळ्यात जाळं टाकलेला माणूस. एका बसणीला अर्धी पायली तांदूळ संपवणारा, असं मी कंपनीच्या बसमध्ये छातीठोक सांगायचो. तो आता दोन घास घेऊन उठत होता. आठ दिवसांत शर्ट खांद्यावरून घसरायला लागला. रात्री मी त्यांचा श्वास ऐकत पडायचो. माणूस असा न जेवता किती दिवस टिकतो, हे मला कुणाला विचारायचं धैर्य नव्हतं.

बायको गॅसपाशी खाली मान घालून उभी. "आईनं सांगतलं तसंच केलं जी मी. तांदळावर दोन पेरं पाणी."

खोटं नव्हतं ते. गंजात तांदूळ घालायचे, त्यावर बोट टेकवायचं आणि बोटाच्या दुसऱ्या रेघेपर्यंत पाणी ओतायचं. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंतचा भाग म्हणजे पेर. आमच्याकडे पोरीबाळींना एवढंच सांगतात, वाटी-बिटी कुणी मोजत नाही. तांदूळही आईनंच निवडून ठेवलेला होता.

"हट, बाजूले हो," म्हणून दुसऱ्या दिवशी मी स्वतः भात लावला. माझं बोट म्हणजे वखराचा दांडा. त्या भातात उभा केलेला चमचा, मी तर म्हणतो, अजून तसाच उभा असेल. बाबांनी ताटाकडे पाहिलं आणि या वेळी ओरडलेसुद्धा नाहीत. मला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

शनिवारी कुरखेड्याहून मावशी आली. आईची धाकटी बहीण. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं गंजाचं झाकण उचललं.

"काऊन वं, पाणी किती टाकतेस?"

"दोन पेरं, मावशी."

"कोनाच्या बोटानं?"

"माझ्याच. आनखी कोनाच्या?"

मावशी खालीच बसली. "बाई, तुह्या सासूच्या बोटाले वरचं पेर होतं का?"

मी हसलो आधी, आणि मग हसता येईना. आईच्या उजव्या हाताची तर्जनी शेंड्याला नव्हतीच. माझ्या जन्माच्या आधी धान कापताना इळ्यानं गेली. त्या बोटानं तिनं माझं नाक पुसलं, मासोळीचे काटे काढले, कपाळाला शेंदूर लावला. लहानपणी मी गावभर सांगत फिरलो होतो की वाघानं खाल्लं म्हणून. पुढे ते बोट तसंच असतं, असंच झालं होतं मला.

"आमच्या मायनं शिकवलं, दुसऱ्या रेघेपर्यंत," मावशी म्हणाली. "बोट गेलं तरी हिनं रेघ नाई बदलली. पाणी अर्धंच पडे. आमच्या माहेरचा भात मऊ राहे, हिचा मोकळा. तुह्या बापानं पस्तीस वर्सं तोच खाल्ला."

बायकोनं त्या दिवशी एकच पेर पाणी घातलं आणि गावासारखे झाकणावर ठेवायला निखारे नाहीत म्हणून त्यावर तवा तापवून ठेवला. शितं एकमेकांपासून सुटी झाली. बाबांनी पहिला घास घेतला, थांबले, दुसरा घेतला. मग ताट पुढे केलं. बायकोनं वाढलं. पुन्हा ताट पुढे आलं. मावशी पदरानं तोंड झाकून मोरीकडे निघून गेली.

हात धुतल्यावर मी त्यांना विचारलं, "बाबा, आईच्या बोटाचं तुमाले ध्यानात होतं, त सांगतलं काऊन नाई?"

त्यांनी पंच्याला हात पुसले.

"त्या इळ्याले धार मीच लावून देल्ली होती," ते म्हणाले.