भिंतीवरच्या बकऱ्या

नाताळ झाल्यावर धडगावच्या डोंगरात जायचे ठरले, ते एका भिंतीपायी. माझे यजमान पाळक. तिकडच्या एका पाड्यावर नवे प्रार्थनाघर झाले होते आणि रविवारी तिथे खाल्याचा बाप्तिस्मा होता. हा खाल्या पूर्वी लोकांच्या घरी भिंतींवर नवसाचे घोडे रंगवीत असे. त्याने प्रार्थनाघरात येशूच रंगवला, अशी कागाळी आली. मी ह्यांना म्हटले, "दुसरी आज्ञा काय सांगते? देवाची मूर्ती, चित्र करू नको, असेच ना?" हे म्हणाले, "आधी बघू तरी."

ज्या भगिनींना जायचे असेल त्यांनी नंदुरबारहून पहाटेची मोटार धरावी. प्रकाशा गावाशी तापी नावेने ओलांडावी लागते. शहाद्यापुढे बैलगाडी. घाटात उतरून चालावे, बैलांचे हाल पाहवत नाहीत. भाकरी-ठेचा घरून न्यावा म्हणजे वाटेत खर्च नाही. आमचूर मात्र धडगावातच घ्यावा, चांगला नि स्वस्त. शाली दोन असाव्यात. मी काटकसर म्हणून एकच नेली आणि रात्रभर कुडकुडले.

आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चच्या कारभारातले, वडीलधारे दौलतकाका गाडीत होते. त्यांचे आपले एकच, "चुना मारी टाकू, वाद मिटना!"

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पाड्यावर पोचलो तो दुपार कलली होती. शेणाने सारवलेल्या भिंतीवर गेरूने काढलेला येशू उभा होता. डोक्याला मुंडासे, पाय धुळीचे, खांद्यावर करडू, आणि आमच्या डावीकडे बकऱ्यांची रांग. खाल्या दाराशी अंग चोरून उभा.

दौलतकाका चित्राजवळ गेले आणि ओरडलेच, "आरे, ह्या तं बकऱ्या शेतस! मेंढरं कुठे शेतस? न्यायना दिवशी बकऱ्या म्हंजे पापी, त्या डावा हातले ऱ्हातस, मेंढरं उजवाले, माहीत नहीं का तुले? पुसा हाई!"

खाल्या त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "मेंढरू मी पाहिलं नाय. हरवते ती बकरी. रातचा मी तिलाच शोधतो." मग ह्यांच्याकडे वळून हळूच म्हणाला, "हे पुसलं तर उद्या बाप्तिस्म्याचं पाणी नको मला. हा हात देवाला नको, तर मी कसा हवा?"

माझी दुसरी आज्ञा माझ्या तोंडातच राहिली. ज्या देवाने अंग घेतले, ज्याला भूक लागली, ज्याला लोकांनी डोळ्यांनी पाहिले, त्याची आठवण गेरूने काढली तर ती मूर्ती होते का? या भिंतीला कोणी नारळ फोडत नव्हते. आणि बकऱ्या कुठल्या बाजूला आहेत, हे मी पहिल्यांदाच नीट पाहिले.

"काका," मी म्हटले, "येशूला पाठ लावून उभे राहा बरं."

"का वं सूनबाई?"

"राहा तर."

ते कुरकुरत उभे राहिले, चित्रासारखेच तोंड आमच्याकडे करून.

"आता बकऱ्या कुठल्या हाताला?"

काकांनी डावा हात उचलला, खाली घेतला, मग उजवा उचलला. तो बरोबर बकऱ्यांच्या रांगेवर गेला. "आरे, हाई तं उजवा!" खाल्याची बायको पदरात हसली. हेही हसले.

"पन बकऱ्याच ना त्या," काका पुटपुटले.

हे म्हणाले, "काका, कोणाला कुठल्या हाताला उभे करायचे ते आपल्या हातात कुठे आहे?"

काका पुन्हा भिंतीकडे वळले. "ऱ्हाऊ द्या मंग," ते म्हणाले, "पन पोऱ्या, एक मेंढी घालजो. मी तुले धानोराले दखाडसू."

रविवारी ओढ्याच्या गार पाण्यात खाल्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या नखांतला गेरू काही निघाला नव्हता.

महिन्याने तो खरेच खाली आला. काकांनी त्याला धानोऱ्याला नेऊन धनगराचा कळप दाखवला. परतताना दोघे आमच्याकडे जेवायला थांबले. "पाहिलीस मेंढी?" मी विचारले. भाकरी मोडत खाल्या म्हणाला, "पाहिली. बकरीच ती. थंडी जास्त वाजते म्हणून घोंगडी पांघरते, एवढंच."

काका घास हातात धरून हसत सुटले. मी वाढता वाढता थांबले. आमच्या नंदुरबारच्या ख्रिस्ती देवळाच्या भिंती कोऱ्या आहेत, त्या तशाच राहोत, माझे काही म्हणणे नाही. पण येशू म्हणजे चांगला मेंढपाळ, हा पाठ वाचतात आणि मी डोळे मिटते, तेव्हा आता डोंगरातली एक काळी बकरी समोर येते. मी तिला हाकलीत नाही.