भिंतीवरची खडूची रेघ

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर खाली कमेंटमध्ये टवाळी करायलाच वाचतो. "ताई, ते मांजर असेल" असलं लिहिणारा तो मीच. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर मापं घ्यायची आणि चुकलेला पार्ट परत पाठवायचा. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नव्हतंच कधी. तेव्हा आज माझी टवाळी केलीत तर मला बोलायला जागा नाही.

मला जुन्या जर्मन टूरिंग मोटारसायकलींचं वेड आहे. इंजिनचे दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, चेनच्या जागी शाफ्ट, पुढे मोठी काच आणि सोफ्यासारखं लांब सीट... अशी एक गाडी मला गेल्या वर्षी कळवणला मिळाली. मालक आहेरकाका. शेतीपंपांचं दुकान होतं त्यांचं, आता मुलगा बघतो. तरुणपणी मुंबईहून हौसेनं आणलेली ही गाडी त्यांनी मुलासारखी सांभाळली होती. त्यांची बायको, सुमनकाकू, त्याच्या वर्षभर आधी गेल्या आणि मग त्यांना गाडी दारात नकोशी झाली.

गाडी बघताना एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली होती. पुढचं सीट झिजून गुळगुळीत झालेलं, पण मागचं अगदी कोरं. मागे बसणाऱ्याच्या पायाखाली जी फूटरेस्ट असतात त्यांचे रबर नवेकोरे, आणि ती इतकी घट्ट की हातानं उघडेनात. मी म्हटलं, चला, मागचा भाग वापरलेलाच नाही.

तरी तो मागचा भाग मी कापणार होतो. हो, कापणारच. काच काढायची, हँडल खाली घ्यायचं, मागची फ्रेम ग्राइंडरनं उडवायची आणि एकट्यापुरतं छोटं सीट बसवायचं, असं माझं डिझाइन होतं. काकांना मी ते तिथेच सांगून टाकलं. ते गाडी पुसत होते. हात जरा थांबला, मग म्हणाले, गाडी तुमची, भाऊ, तुम्ही ठरवा.

खरी कटकट घरी झाली. अश्विनी, माझी बायको, चांदवडच्या घाटात माझ्या मागून पडली होती तेव्हापासून माझ्या कुठल्याच गाडीवर बसलेली नाही. आग्रह करून करून मी थकलो होतो. पण सीट कापायचं ऐकल्यावर तिचा चेहरा पडला. "मग मी कुठे बसू?" म्हणाली. मी म्हटलं, तू बसतेस कुठे? त्यावर ती आत निघून गेली आणि दोन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. मला तिचा राग कळतच नव्हता. बसायचं नाही आणि जागा मात्र हवी.

फ्रेम कापणाऱ्या फॅब्रिकेटरकडे गाडी सोमवारी न्यायची होती. आदल्या संध्याकाळी, रविवारी, मी इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हेडलाईट सेट करायला घेतला. पद्धत सोपी आहे. गाडी स्टँडवरून काढून भिंतीसमोर सरळ धरायची, आपण वर बसायचं, इंजिन बंद, फक्त दिवा चालू. भिंतीवर उजेड जिथपर्यंत पोचतो तिथे दुसऱ्यानं खडूनं रेघ मारायची. मागे वजन आलं की गाडीचं मागचं बूड दबतं आणि पुढे उजेड वर चढतो, म्हणून बसणाऱ्यानं हलायचं नाही. अश्विनीला फोन करून खडू घेऊन खाली ये म्हटलं. बरं म्हणाली... रुसलेल्या आवाजातच.

पार्किंगची ट्यूब मी बंद केली होती. लिफ्ट माझ्या पाठीमागे, आणि जिना समोर, भिंतीला लागून. मी दोन्ही पाय जमिनीवर रोवून भिंतीकडे बघत बसलो होतो.

मागे खट् आवाज झाला. फूटरेस्ट उघडल्याचा. मग गाडी दबली, हळूच, कुणी जपून बसावं तशी. ती किंचित डावीकडे कलली म्हणून मी डावा पाय आणखी रोवला. भिंतीवरचा उजेड चार बोटं वर चढला आणि तिथे थांबला.

मला काय वाटलं ते जसंच्या तसं सांगतो. मला वाटलं, अश्विनी लिफ्टनं आली आणि न बोलता मागे बसली. इतक्या वर्षांनी. मी मागे वळलोही नाही, वळलो तर ती उतरेल असं वाटलं. म्हटलं, "बस निवांत. नाही कापत मी सीट. ही जागा तुझीच."

 मागे फक्त वजन, स्थिर.

आणि समोरच्या जिन्यावरून, हातात खडू घेऊन, अश्विनी खाली उतरली.

ती हेडलाईटच्या उजेडात आली, डोळ्यांवर आडवा हात धरून. "लिफ्ट अडकलीय वर. कुणाशी बोलतोयस?"

 हँडलवर माझे हात होते, ते मला दिसत होते, पण हलवता येत नव्हते. वजन अजून मागे होतं. माझ्या पाठीपासून वीतभर अंतरावर कुणीतरी बसलंय हे शर्टाच्या आतून कळत होतं. अश्विनीला माझ्या मागे काही दिसलं नाही, एक तर दिवा तिच्या डोळ्यांवर होता, आणि दुसरं, रुसव्यात तिला चटकन काम उरकून वर जायचं होतं. ती भिंतीशी गेली, उजेडाच्या कडेला खडू टेकवला आणि रेघ ओढू लागली. रेघ पुरी व्हायच्या आत उजेड खाली घसरला. गाडी मागून वर आली, हलकी झाली.

"हललास कशाला?" ती म्हणाली.

मी गाडी कशीबशी स्टँडवर लावली आणि ट्यूब लावली. पार्किंगमध्ये कुणी नव्हतं, गेटही बंद होतं. डाव्या बाजूचं फूटरेस्ट उघडं होतं. उजवं तसंच मिटलेलं, घट्ट. अश्विनीला मी अडखळत सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. ती खाली वाकून त्या फूटरेस्टकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एकच उघडलंय. साडीतली बाई एका बाजूला बसते ना."

त्या रात्री आम्ही दोघंही धड झोपलो नाही. सोमवारी गाडी कापायला गेली नाही. मी रजा टाकली आणि दिवसभर मापं घेत बसलो. शॉकअप तपासले, टायरची हवा तपासली, उतार बघितला, स्वतः थोडं मागे सरकून बघितलं. रेघेपर्यंत उजेड कशानंच चढेना. शेवटी मी पुढे बसलो, दळणाचा डबा मागे ठेवला, त्यावर अश्विनीनं हातानं जोर दिला, तेव्हा कुठे उजेड रेघेला लागला. भरल्या अंगाच्या माणसाचं ते वजन नव्हतं.

पुढच्या सुट्टीला मी तीच गाडी घेऊन कळवणला गेलो. भीती वाटत नव्हती असं नाही. दिंडोरी सोडल्यावर मी दोन्ही आरसे खाली वळवून टाकले. नांदुरीच्या वळणांवर तर मागून कुणी श्वास जरी घेतला असता तरी मी गाडी सोडून पळालो असतो. रस्ताभर ठरवत होतो की काकांना फक्त विचारायचं, सांगायचं काही नाही. म्हाताऱ्या माणसाच्या जखमेला हात लावायचा मला काय अधिकार?

काकांनी चहा सांगितला. मी आडून विचारलं, काकू कशा बसायच्या हो मागे, एका बाजूला का?

"ती?" काका म्हणाले. "ती कधी बसलीच नाय. लय भ्यायची गाडीला. मी सीट नवं केलं, पाय ठेवायचं रबर बदललं, सगळं तिच्यासाठी. म्हणायची, बसंन एखाद्या दिवशी. मग दुखणं निघालं. पार वाळून गेली शेवटी." आणि मग माझ्याकडे नीट बघून, "पण तुम्ही का इचारता, भाऊ?"

मग मला लपवता येईना. सांगितलं सगळं. ते गाडीकडे बघत ऐकत होते. मला वाटलं रागावतील, नाहीतर रडतील. 

"गाडी चालू व्हती का?"

"नाही काका. बंद होती. नुसता दिवा चालू होता."

"मग बराबर," ते म्हणाले. "चालू गाडीवर बसली नसती ती."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. पुढे एकच विचारलं, ती भ्याली तर नव्हती ना. मी काय सांगणार? जपून बसली, एवढं सांगितलं. आणि ही जागा तुझीच, असं मी बोलून गेलो होतो, तेही सांगितलं. काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं, उठले, आणि मागच्या सीटवरची धूळ हातानं झटकून आत गेले. परत बाहेर आले नाहीत. मी थोडं थांबून निघालो.

याला आता वर्ष होईल. सीट कापलेलं नाही. काच, हँडल, सगळं आहे तसंच आहे. सोसायटीनं पार्किंगला रंग दिला तेव्हा अश्विनीनं स्वतः उभं राहून तेवढा तुकडा सोडायला लावला, त्यामुळे रेघ अजून आहे. मी कितीतरी जणांना विचारलं, शॉकअपवाल्याला, कारखान्यातल्या साहेबांना. प्रत्येकाकडे काहीतरी उत्तर असतं, पण ते फूटरेस्टपाशी येऊन अडतं. माझ्याकडे तर तेवढंही नाही.

अश्विनी आता अधूनमधून येते माझ्याबरोबर, गंगापूर धरणापर्यंत, हळू चालवायच्या अटीवर. मला विचाराल तर यासाठीच मी कुणाचा तरी ऋणी आहे. फक्त बसण्याआधी ती दरवेळी मागच्या सीटवर तळवा ठेवते आणि हळूच विचारते, "बसू का?"

ते मला विचारलेलं नसतं. ती बसेपर्यंत मी पुढे भिंतीकडे बघत राहतो.