एर्मेलिंदाची बॅटरी

सातुर्निनो गेला तेव्हा एर्मेलिंदाने त्याची बॅटरी त्याच्यासोबत शवपेटीत ठेवली. नवे सेल घालून ठेवली. तिकडे अंधार असला तर त्याची पंचाईत नको, एवढाच तिचा हिशोब. पाद्रीबाबांनी पाहिलं आणि झाकण लावायला सांगितलं. ताकुआरेम्बो गावात माणसाला त्याच्या हत्यारासकट निरोप देणं कुणाला वावगं वाटत नाही.

सातुर्निनो आल्बोरादा थिएटरात बॅटरीवाला होता. उशिरा आलेल्या प्रेक्षकाला अंधारात त्याच्या खुर्चीपर्यंत न्यायचं आणि तो देईल ते नाणं खिशात टाकायचं, हे त्याचं काम. माणूस सज्जन, पण घरी यायचा तो नडग्यांवर निळे-काळे डाग घेऊन. एर्मेलिंदा विचारायची, तो म्हणायचा, "खुर्च्या गं, खुर्च्या." ती म्हणायची, "खुर्च्या थिएटरातल्या की गुत्त्यातल्या?" या एका गोष्टीवरून त्यांचा संसारभर वाद चालला. तिने त्याच्यावर कधीच विश्वास ठेवला नाही आणि तो खुलासा करायच्या भानगडीत पडला नाही.

महिन्याने थिएटरचे मालक इहिनियो घरी आले, माते हा कडू पाल्याचा चहा प्यायले आणि म्हणाले, "काम तुम्हाला देतो, बाई. रविवारचा दुपारचा खेळ करून दाखवा. नाही जमलं तर माझा पुतण्या आहे. बॅटरी सातुर्निनोचीच आणा, लोकांना सवय आहे तिची."

"ती त्याच्याकडे आहे," एर्मेलिंदा म्हणाली.

इहिनियोंनी चहाचा आणखी एक घोट घेतला. "मग दुसरी घ्या."

एर्मेलिंदाने जन्मात बॅटरी विकत घेतली नव्हती. घर चालायचं तर हे काम हवंच होतं, आणि हातात पैसा बेताचाच. शेजारीण सुल्मा म्हणाली, "मोठी घे. माणसं वचकून राहतील." सुल्माच्या घरी एकही बॅटरी नव्हती.

हार्डवेअरवाल्या बाल्दोमेरोने आधी हातभर लांबीची चकचकीत बॅटरी काढली. "हिच्या उजेडात नदीपलीकडची गाय दिसते, बाई."

"मला गाय बघायची नाहीये. मला माणूस खुर्चीत बसवायचाय."

मग त्याने मधली काढली आणि सगळ्यात शेवटी, जरा नाराजीनेच, पत्र्याची एक लहानशी. हिचं बटण अंगठ्याने दोनदा दाबावं लागे.

"गोदामाचं दार लावा आणि एकेक लावून माझ्या पायाशी धरा," एर्मेलिंदा म्हणाली.

"पायाशी कशाला?"

"मला बॅटरीतलं काही कळत नाही. उजेड तेवढा ओळखता येतो."

मोठीच्या उजेडात उंदराच्या लेंड्या दिसल्या, केरोसिनचे डबे दिसले आणि बाल्दोमेरोच्या मोज्याचं भोक दिसलं. मधलीने डोळे दिपले. पत्र्याच्या बॅटरीने जमिनीवर थाळीएवढा पिवळा गोल पाडला आणि एर्मेलिंदाने आपला बूट त्याच्या कडेला आणला. दर रविवारी सातुर्निनो तिला शेवटच्या रांगेत फुकटात बसवायचा, तेव्हा तिच्या बुटांपुढे हाच गोल चालायचा.

"हीच द्या," ती म्हणाली.

"स्वस्त म्हणून घेताय, मग कुरकुर करायची नाही," बाल्दोमेरोने बजावलं.

रविवारी चित्रपट सुरू झाल्यावर नेहमीप्रमाणे औषधवाल्याची बायको पेर्पेतुआ आली. वेळेवर येणं तिला कमीपणाचं वाटे. एर्मेलिंदा ऐटीत पुढे निघाली, बॅटरी समोर धरून. तिला स्वतःला वाट अगदी लख्ख दिसत होती. मागे मात्र काळोख होता, आणि पेर्पेतुआ त्या काळोखात पायरी चुकून नोटरीच्या मांडीवर जाऊन बसली. नोटरीची बायको शेजारीच होती. मग पडद्यावरचं काही वेळ कुणाला ऐकू आलं नाही.

इहिनियो तिच्या कानाशी येऊन म्हणाले, "आणखी एक पडलं, की उद्यापासून पुतण्या."

तेवढ्यात काठी टेकत म्हातारे मास्तर आले. हे पडले तर उठायचे नाहीत. तिने डोळे मिटून सातुर्निनो आठवायचा प्रयत्न केला. चेहरा आठवेना. थिएटरात तिने त्याचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. आठवली ती त्याची पाठ, आणि पाठीमागे वळवलेला हात. बॅटरी त्या हातात असायची.

तिने हात मागे नेला. पिवळा गोल मास्तरांच्या बुटांपुढे पडला. तिच्यापुढे आता काहीच दिसत नव्हतं. ती तशीच चालू लागली आणि रांगेच्या टोकाची लोखंडी खुर्ची नडगीवर आदळली. तिने दात-ओठ आवळून आवाज आत दाबला. पुढची खुर्ची दुसऱ्या नडगीला लागली. मास्तर मात्र घरच्या व्हरांड्यातून चालल्यासारखे आले, बसले आणि म्हणाले, "वा, सातुर्निनोसारखंच."

त्यानंतर जेवढे आले, तेवढे सुखरूप बसले. खेळ सुटल्यावर इहिनियो म्हणाले, "पुढच्या रविवारी वेळेवर या." पुतण्याचं नाव निघालं नाही.

सोमवारी सकाळी एर्मेलिंदा लंगडत कब्रस्तानात गेली. आजूबाजूला पाहिलं, मग सातुर्निनोच्या दगडासमोर उभं राहून तिने दोन्ही पायांवरचे काळे मोजे घोट्यापर्यंत खाली केले. पलीकडे गवत कापणाऱ्या माळ्याने सभ्यपणे तोंड फिरवलं. नडग्या निळ्या-काळ्या झाल्या होत्या, जिथे त्याच्या व्हायच्या बरोबर तिथेच.

"बघ," ती म्हणाली. "खुर्च्याच होत्या."