कोरीटचं शून्य

त्या सकाळी साडेआठला हिलालनानांचं शून्य आलं. माघातलं, निळ्याशार आभाळाखालचं शून्य. त्यात नवल काहीच नव्हतं. आमच्याकडच्या दहा-बारा गावांतल्या हौशी पाऊस मोजणाऱ्यांचा मोबाइलवर एक गट आहे आणि पाऊस पडो न पडो, ज्याने त्याने आपल्या गावचा आकडा रोज सकाळी टाकायचाच, असा तिथला नियम. म्हणजे वर्षातले बहुतेक महिने ही मंडळी एकमेकांना शून्यंच पाठवत असतात. मी तर मोजणाराही नाही; एसटीतला निवृत्त कंडक्टर, नानांचा शेजारी आणि गटातला फुकट्या प्रवासी. त्यांच्या शून्याखाली शेरा मारणं एवढंच माझं काम. त्या दिवशी मी लिहिलं, "अभिनंदन नाना! जोर कालच्याइतकाच आहे," आणि पुढे एक हसरा चेहरा. उत्तर आलं नाही. आलं ते त्यांच्या खळ्यातून वहिनींचं ओरडणं... धावत गेलो. वाळत घातलेल्या मिरच्यांच्या कडेला नाना पडले होते. मोजायची काचेची नळी मात्र जागच्या जागी, नीट ठेवलेली. तो हसरा चेहरा नंतर मी पुसायला गेलो, तर तो फक्त माझ्याच फोनवरून पुसला गेला. बाकी सगळ्यांकडे नानांच्या शेवटच्या शून्याखाली तो अजून हसतो आहे.

मोजायचं कशाला, असं मीही विचारायचो. तापीकाठचा पाऊस मोठा खोडसाळ. एका शिवाराला झोडपतो आणि बांधापलीकडे धूळ उडत असते. सरकारी मापक लांबच्या गावात, त्यामुळे कागदावर सगळ्यांना सारखाच पाऊस. म्हणून नानांनी खळ्यात, झाडांपासून दूर, आपलं मापक रोवलं होतं. वर नरसाळं, खाली डबा, मोजायला नळी... इतकंच. पण या इतक्याशा वस्तूनं त्यांना खुंटीला बांधून टाकलं. हळदीला गेले तर लग्नाला थांबायचे नाहीत, कुठे मुक्काम म्हणून नाही. मी म्हणायचो, "नाना, यापेक्षा म्हैस बरी."

"म्हैस शेजारनाकडे बांधता येस रे भटू," ते म्हणायचे. "हाई कोनाकडे बांधू?"

नाना खुंटीला, म्हणून वहिनीही खुंटीला. त्यांची एकुलती एक लेक रंजना सुरतेला, बाराव्या मजल्यावर राहते. ती बोलवायची आणि वहिनी नानांच्या तोंडाकडे बघायच्या.

एकदाच ते दोघे गेले, नातवाच्या बारशाला. चैत्र होता, पावसाची भीती नव्हती, म्हणून नळी माझ्या हाती आली. डब्यात पाणी असेल तर मोज, नसेल तर शून्य टाक, यापलीकडे काही काम नव्हतं. पण मी पडलो कामसू माणूस. संध्याकाळी पाहिलं तर साळुंक्यांनी नरसाळं घाण करून ठेवलेलं. मी तांब्या-दोन तांबे पाणी ओतून ते जागच्या जागीच लख्ख धुतलं आणि समाधानानं झोपलो. सकाळी डबा काढला तर आत पाणी! रात्री आपल्या झोपेत सर पडून गेली असणार, अशी माझी खात्रीच झाली. छाती फुगवून गटावर आमच्या गावचा आकडा टाकला : कोरीट, अठरा मिलिमीटर. विसरवाडीच्या टायरवाल्यानं लगेच विचारलं, "तुमना गावले येगळं आभाय शे का?" खांडबाऱ्याच्या किराणावाल्यानं मिरच्या झाकू का म्हणून फोन केला. नानांचा शब्दही आला नाही. संध्याकाळी दोघं स्वतःच आले, मिळेल त्या गाडीनं.

मी दारातच कान पकडले. नाना ओट्यावर बसले, पागोटं काढलं आणि सुटका झाल्यासारखे हसायला लागले. "भटू, तू माले सोडावं रे! तठे खिडकी उघाडी का पोरगी म्हने धूय येस. गॅलरीमा बठू तं म्हने तोल जाई. मी नुसता लिफ्टना दारले देखी ऱ्हायनू..." आम्ही दोघं पोट धरून हसलो. वहिनींनी हातातली बॅग खाटेखाली सरकवली, चुलीपुढे बसल्या आणि आमच्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "बाळले तेल लावानं ऱ्ही गयं."

माझी ती एक चूक नानांना जन्मभर पुरली. रंजनाचा फोन आला की ते म्हणायचे, "येतूत ना बेटा, पन भटूना भरवसा नही." मीही मान डोलवायचो. दोस्ताच्या उपयोगी पडतोय, याचं मला भारी कौतुक. चुलीपुढच्या त्या पाठीकडे आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही.

नानांचे दिवस झाले आणि रंजना आईला न्यायला गाडी घेऊन आली. बॅग भरलेली होती. चार माणसांत मी पुढे झालो. म्हटलं, "वहिनी, बिनघोर जा. नळी मी सांभाळतो."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "तुमना हाथमा नळी दिधी का चैतमा पूर येस, भटूभाऊ."

सगळे हसले. सवयीनं मीच आधी हसलो. वहिनी हसल्या नव्हत्या. "मी गवू आनि आकडा चुकना, तं त्या काय म्हनतीन?" असं खुंटीवरच्या नानांच्या पागोट्याकडे बघत म्हणून त्यांनी बॅग पुन्हा खाटेखाली सरकवली. रंजना रडली, रागावली, शेवटी माझ्याकडे बघत बघत एकटीच गाडीत बसली...

तेव्हापासून रोज सकाळी माझी परीक्षा असते. मी नरसाळं काढतो, डबा नळीवर उपडा करतो, नळी डोळ्यांसमोर धरतो आणि म्हणतो, "शून्य." वहिनी ती माझ्या हातून घेतात, उजेडाकडे धरतात, पदरानं पुसून पुन्हा धरतात, मग म्हणतात, "टाका." मी टाकतो. त्याखाली शेरा मारायला कुणी नसतं. बायको म्हणते, आपणही मुलाकडे जाऊन येऊ. मी नानांसारखाच विषय बदलतो.

काल धीर करून विचारलं, "वहिनी, आता तरी आला ना भरवसा? एवढे दिवस एकही आकडा चुकला नाही."

त्यांनी नळी जागेवर ठेवली, खाटेखालच्या बॅगेकडे एकदा पाहिलं.

"शून्य तं कोनी बी मोजी," त्या म्हणाल्या. "पानी पडू द्या, मंग देखू."

आणि आता कुठे फाल्गुन लागलाय.