किल्लीवाले काका आणि उघडं दार

लॉ कॉलेजात मी बावीस वर्षं टायपिस्ट आहे. एवढ्या वर्षांत माझ्या डोक्याला सगळ्यात जास्त ताप कुणी दिला असेल, तर किल्लीवाले काकांनी. तुरुंगात ते, आणि शिक्षा मला!

झालं असं, की आमच्या पोरापोरींनी कैद्यांना पॅरोलसाठी फुकट मदत करायचं मनावर घेतलं. पॅरोल म्हणजे शिक्षा संपायच्या आधी, अटी पाळून बाहेर राहायची मुभा. उत्साह इतका, की काकांचा एक अर्ज अकरा वेळा बदलला. टाइप कोण करणार? मीच. दर शनिवारी फायली काखेत मारून तुरुंगात जायचं, तेही माझ्याच गळ्यात.

काका मूळचे कुलपं दुरुस्त करणारे. हाताला असा गुण, की कसलंही कुलूप दोन मिनिटांत उघडायचं. मग संगत बिघडली, आणि लोकांची कुलपं लोकांना न विचारता उघडायला लागले. एका गोदामात राखणदार आडवा आला, झटापटीत डोक्यावर पडला आणि गेला. त्याला एकोणीस वर्षं झाली. आता काकांचं म्हणावं असं बाहेर एकच माणूस उरलं होतं, थोरली बहीण. आक्का. वय अठ्ठ्याहत्तर. ‘माझ्याकडे राहू दे त्याला,’ असं तिनं लिहून दिलं होतं. हा अर्ज फेटाळला तर पुढची सुनावणी तीन वर्षांनी, आणि आक्का काही तेवढी थांबेलसं दिसत नव्हतं.

म्हणून तालमी सुरू झाल्या. आमच्यातली चष्मेवाली पोरगी अर्जाचा निकाल देणाऱ्या पॅरोल मंडळाची अध्यक्ष व्हायची. ज्याला सगळे शिडी म्हणतात तो उंच पोरगा उलटसुलट प्रश्न विचारायचा. बसायचं कसं, बघायचं कुठं, ‘मला मनापासून पश्चात्ताप होतो’ कुठल्या वाक्यानंतर म्हणायचं, सगळं घोटून घेतलं. काका बिचारे म्हणायचे, “पोरी, हे वाक्य माझ्या तोंडात बसत नाही गं.” पण ऐकतंय कोण!

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघं आधीच आत जाऊन बसलो. मंडळाच्या अध्यक्षबाई तोंडावरूनच कडक. त्यांनी काकांचा पुकारा केला. कुणी येईना. पुन्हा पुकारलं. दार जागचं हललं नाही. शिडीला घाम फुटला. बाईंनी घड्याळ बघितलं. “अर्जदाराला गरज दिसत नाही. गैरहजर लिहा.”

अकरा वेळा टाइप केलाय मी तो अर्ज! चष्मेवाली धावली आणि तिनं दार ओढलं.

सोबतचा शिपाई लांब बाकावर पेंगत होता आणि दाराला नाक लावून काका उभे. ताठ. हात पाठीमागे.

“अहो काका, पुकारा ऐकला नाहीत?”

“ऐकला की. दोनदा.”

“मग आत का नाही आलात?”

“दार बंद होतं ना!”

“नुसतं लोटलेलं होतं हो! ढकलायचं!”

काकांनी दाराकडे असं बघितलं, जसं काही ते पहिल्यांदाच दिसतंय. तुरुंगात दार शिपाई उघडतो आणि शिपाईच लावतो. कैद्यानं हात लावायचा नसतो. आम्ही शहाण्यांनी सगळं शिकवलं होतं, दार तेवढं राहिलं होतं.

अध्यक्षबाईंना हसू आवरेना. “घरफोडीत आत आलात ना तुम्ही? आणि एक उघडं दार उघडता येईना?”

झालं, आता पाठ केलेलं म्हणा, काका! मी मनात ओरडले. ते मात्र खाली बघून सावकाश बोलले, “बाई, शेवटचं दार उघडलं ते त्या राखणदाराचं. नसतं उघडलं तर तो घरी गेला असता. त्यानंतर कुणी उघडून दिल्याशिवाय कुठं गेलो नाही. जावंसं वाटलंही नाही.”

बाईंचं हसू गेलं. पश्चात्तापाचं वाक्य राहिलं ते राहिलंच. पण बाईंनी ते मागितलं नाही.

महिन्याभरानं आम्ही काकांना आक्काच्या घरी सोडायला गेलो. जिना चढताना त्यांची पिशवी मी घेतली होती. दारापाशी आले आणि थांबले. पुन्हा तेच! हात पाठीमागे.

आतून आक्काचा खणखणीत आवाज आला, “उघडंच आहे रे! माझे गुडघे गेलेत, मी उठायची नाही. ढकल!”

काकांनी आमच्याकडे बघितलं. चष्मेवाली पुढे व्हायला लागली, तशी मी तिची बाही धरून मागे ओढली. “खबरदार हात लावलास तर!”

बराच वेळ गेला. मग काकांनी बोटांनी दार चाचपलं, तळवा टेकवला आणि ढकललं.

“आलास? आता लावून घे, मांजर शिरतं.”

काकांनी दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. पुन्हा काढल्याचा, पुन्हा घातल्याचा.

आम्ही तिघं बाहेर, आणि पिशवी माझ्या हातात. शिडी दार वाजवायला निघाला. मी त्याला जिन्यावर बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसले. माझे डोळे पाणावले होते, हे त्यानं कॉलेजभर सांगितलं, मेल्यानं.