तेलवाल्या बाईचा डोळा

गंगव्वा निपाणीकडची. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून तिनं हाळी दिली की तीन शेतांपलीकडची पाखरं उठायची. पण बंगळूरला येऊन सहा महिने झाले, रस्त्यात तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आपला मुलूख दोन वर्षांमागं म्हैसूर राज्यात आला म्हणे. पण गंगव्वाला बंगळूर परदेशच. पहिल्याच आठवड्यात तिनं भाजीवाल्या पद्मावतीकडं आपल्या गावाकडच्या कानडीत वांगी मागितली, तर पद्मावतीनं तिची हुबेहूब नक्कल करून चार बायका हसवल्या. तेव्हापासून गंगव्वा बोट दाखवून भाजी घ्यायची.

बाजाराच्या वाटेवर, मॅजेस्टिक टॉकीजच्या वळणाला, एके दिवशी दोन मजली पांढरी पाटी उभी राहिली. देवाप्पा पेंटर बांबूच्या परांचीवर चढला. कोळसा फासलेली दोरी ताणून त्यानं फटाफट रेघा उमटवल्या. चौकोनच चौकोन! हातात वीतभर चित्र, त्यावरही तसेच चौकोन. एक बघायचा, एक रंगवायचा. दुसऱ्या दिवशी तिथं कान उगवला, पाळण्याएवढा. मग गाल. मग केसांचा काळा लोंढा. गंगव्वा पलीकडच्या चिंचेखाली पिशवी धरून उभीच.

"अहो, देवीच असणार," ती जेवताना नवऱ्याला म्हणाली. "नुसत्या गालात आपली खोली मावंल."

"देवी कुठली?" गिरणीतून दमून आलेला बसवंत हसला. "केसाच्या तेलाची जाहिरात हाय ती."

"तेलासाठी एवढी बाई?"

आठव्या दिवशी डोळे आले, आणि गंगव्वानं कपाळाला हात लावला. डावं बुबुळ सरळ चिंचेकडं बघतंय, उजवं खाली घसरलेलं. एवढी राजस बाई, चक्क तिरळी! देवाप्पाचं नाक पाटीला टेकलेलं, त्याला कसं दिसणार? खालून जाणाऱ्यांना तर नुसती हनुवटी.

"तुम्ही सांगा की त्याला," ती बसवंतला म्हणाली.

"तुझं काय जातंय? गप ऱ्हा. हसतील."

दुसऱ्या दिवशी ती चिंचेखाली पोचली तर देवाप्पा वरच ब्रश धुवत होता आणि खाली गडी परांचीच्या गाठी सोडायच्या तयारीत होते. आता ही बाई जन्मभर तिरळीच राहणार. हसतील. हसू देत! तिनं पिशवी खाली टाकली, तोंडाशी हात धरले आणि माळ्यावरची ती हाळी दिली.

"कण्णु! कण्णु नोडरी! डोळा बघा, डोळा!"

टांगा थांबला. सायकली थांबल्या. चहावाल्यानं दुकानातून मान बाहेर काढली.

"कुठला डोळा, अक्का?" वरून देवाप्पा ओरडला.

"उजवा! स्वल्प म्याग! जरा वर घ्या!"

"म्याग म्हणे, म्याग!" एक सायकलवाला तिच्या गावाकडच्या बोलीला खिदळला.

"ए, गप रे!" देवाप्पा त्याच्यावर खेकसला. "इथून मला काय दिसतंय? त्या अक्काला दिसतंय. बोला, अक्का!"

गंगव्वा बोलली. "आणखी म्याग... आता डावीकडं स्वल्प... जास्त झालं, मागं या!" खालून सांगतील तशी कापसाची गाडी रचणाऱ्या गड्यासारखा देवाप्पा ब्रश घेऊन तिच्या हुकमाबरोबर सरकत होता. बघे एकेक करून रस्ता ओलांडून चिंचेखाली आले. खिदळणारा सायकलवालाही आला, त्यानं वर बघितलं आणि त्याचा आ वासलेलाच राहिला.

"साकरी!" गंगव्वा ओरडली. पुरे!

दोन मजली बाईनं डोळा उघडला होता. मॅजेस्टिकची गर्दी, तारा, टांगे ओलांडून ती थेट चिंचेखाली बघत होती. गंगव्वाच्या अंगावर सरसरून काटा आला. तिनं नकळत हात जोडले. तेलाची तर तेलाची.

पिशवी उचलून ती बाजारात गेली. पद्मावतीनं सवयीनं तिच्या बोटाकडं बघितलं. गंगव्वानं बोट पदराखाली घेतलं.

"बदनीकाई कोडरी," ती म्हणाली, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी. "अर्धा शेर वांगी. आणि किडकी नकोत!"